गिरणीचा धूर आणि साडूंची सकाळ

आमच्या साडूंइतका उशिरा उठणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही, आणि त्यांच्याइतका लवकर उठणाराही झाला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल खऱ्या आहेत. माझ्या बायकोला मात्र आपल्या भाऊजींचं पहिलंच रूप आठवायला आवडतं, दुसऱ्याचा विषय निघाला की ती स्वयंपाकघरात निघून जाते. साडू म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे यजमान. अकोल्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. मी अमरावतीत वह्या-पुस्तकांचं दुकान चालवणारा, हिशेबी आणि जरासा चिडका माणूस. पदार्थविज्ञान म्हणजे नेमकं काय हे मी त्यांना कधी विचारलं नाही आणि दुकान कसं चालतं हे त्यांनी मला विचारलं नाही, त्यामुळे आमचं उत्तम जमलं.

सूर्योदय साडूंनी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. कॉलेज अकराला, म्हणून ते साडेनऊला डोळे उघडत, आणि तेही दोन हप्त्यांत. आधी एक, मग चहाचा वास आला की दुसरा. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मानपान, देणंघेणं काही मागितलं नाही. अट एकच घातली, मुहूर्त गोरज पाहिजे. सासऱ्यांना वाटलं, मुलगा फार धार्मिक दिसतो. दिवाळीत नरकचतुर्दशीला सगळं घर पहाटे तेल-उटणं आटोपून फराळाला बसलेलं असे आणि साडू पांघरुणातून सांगत, "नरकात जायचंच आहे तर झोप पुरी करून जाऊ दे." आक्का दारातून ओरडत, "उठा नं बाप्पा, पोट्टे हासून राह्यले!" पांघरूण हलत नसे. एकदा शेजारच्या गोठ्याला पहाटे आग लागली. सगळी गल्ली बादल्या घेऊन धावली, आग विझली, लोक घरी जाऊन अंघोळी करून बसले. साडू साडेनऊला उठले आणि सगळी हकिगत ऐकून घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला, "धूर कोणीकडे गेला होता?"

झोपेखालोखाल त्यांचा जीव धुरावर होता. "हवा दिसत नाही, साडूभाऊ," ते मला सांगत. "धुरामुळे ती दिसते." घरात देवापुढची उदबत्ती देवापुढे कधी टिकली नाही. ती उचलून ते जिन्यात, न्हाणीत, आक्कांच्या माजघरात नेऊन ठेवत आणि गुडघ्यावर बसून बघत राहत. लग्नाच्या पंगतीत चुलाण्याचा धूर कुठे वळणार हे आधी ओळखून जागा धरत, आणि जागा चुकली तर अख्खी पंगत उठवून दुसरीकडे बसवत. यजमान हात जोडत, वाढपी शिव्या घालत, पण धूर खरोखरच त्यांनी सांगितलेल्या बाजूला जाई हे मात्र मी पाहिलं आहे. आमचे सासरे गेले तेव्हा तर कहर झाला. थंडीचे दिवस होते, दहन संध्याकाळी झालं. सगळी मंडळी खाली मान घालून उभी आणि साडू एकटे बाजूला, मान वर करून. लोकांना वाटलं, थोरल्या जावयाला फार लागलं. परत येताना त्यांनी मला हळूच गाठलं आणि विचारलं, "मामाजींचा धूर पाहिला का? सरळ वर गेला आणि वडाच्या शेंड्यापाशी एकदम आडवा झाला. वर झाकण असल्यासारखा." मी त्या वेळी त्यांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या आडव्या धुराचा विषय त्या बिचाऱ्यांनी पुन्हा काढला नाही. काढला असता तर पुढचं बरंच टळलं असतं, असं आता वाटतं.

त्यांच्या कॉलेजच्या वाटेवर एक गिरणी होती. तिची चिमणी बुटकी आणि कोळसा हलका. गिरणीच्या भिंतीला लागून मजुरांची वस्ती होती, छप्पन सालानंतर बौद्ध झालेली घरं. चिमणीचा धूर भिंत ओलांडून थेट या घरांवर उतरे. दांडीवरचे कपडे संध्याकाळपर्यंत करडे होत, आणि लेकरं खोकून थुंकली की थुंकी काळी निघे. साडू ते रोज बघत आणि त्यांना मनापासून वाईट वाटे. त्या वाईट वाटण्याला त्यांच्या छंदाची जोड मिळाली आणि धूर नेमका कुठे, किती, कसा उतरतो हे गणिताने काढायचं त्यांनी मनावर घेतलं. विलायतेहून एक पुस्तक मागवलं, त्यात सपाट जमीन आणि एकसारखा वारा धरून सूत्र मांडलेलं होतं. मला ते समजावून देण्यासाठी त्यांनी आक्कांची पांढरी चादर जमिनीवर अंथरली, टेबलफॅन लावला आणि चाळणीतून रांगोळी सोडली. चाळणी खाली धरली की रांगोळीचा ढीग जवळच पडे. स्टुलावर उभं राहून वर धरली की ती लांब जाई, पण विरळ होऊन. "चिमणी दुप्पट उंच करा," ते स्टुलावरून म्हणाले, "जमिनीवरचा धूर चौथाई होतो." मी विचारलं, "उरलेला जातो कुठे?" "पसरतो." "कोणाच्या अंगावर?" "सगळ्यांच्याच, थोडा थोडा." मला ते उत्तर पटलं नव्हतं. पण तेवढ्यात आक्का झाडू घेऊन आल्या आणि विषय मोडला.

गणित खरं की खोटं हे पडताळायला त्यांनी जी रीत काढली ती फक्त अकोल्याच्या माणसालाच सुचली असती. ते कापसाची रुई पिंजून तिचे बारीक पुंजके करत आणि गिरणीच्या पाण्याच्या टाकीवर चढून वाऱ्यावर सोडत. धुराइतकी हलकी ती नव्हे, हे त्यांनाही ठाऊक होतं, पण वाऱ्याचा कल तिच्यावरून कळे. आता हंगामात सगळ्या अकोल्यात जिनिंगची रुई उडत असते, त्यात यांची कोणती ओळखायची? म्हणून ते आपली रुई आक्कांच्या निळीत बुडवून वाळवत. कॉलेज सुटलं की चारच्या सुमाराला हा उद्योग सुरू होई आणि मग सायकलवरून गल्लीबोळांत चौकशी, "आमची रुई आली का?" ती कोणाच्या वरणात पडलेली असे, कोणाच्या वाळवणात, एकदा तर एका नवरदेवाच्या फेट्यावर. वस्तीतल्या बायकांनी आधी त्यांना वेडा ठरवलं, मग त्यांची सवय झाली, आणि पुढे दोन दिवस ते दिसले नाहीत तर त्याच विचारू लागल्या, "मास्तर, काहून नाई आली तुमची रुई?" सुमन नावाची एक लहानशी पोर सापडलेली रुई परत द्यायलाच तयार नसे. "मले बाहुलीची उशी करायची हाय," ती ठणकावून सांगे. साडू तिच्याशी बराच वेळ वाटाघाटी करत आणि शेवटी पुंजका कुठे सापडला तेवढं विचारून तो तिलाच देऊन टाकत.

पुढे गिरणीला नवा बॉयलर बसायचा होता. साडू मॅनेजरांच्या इतके मागे लागले की त्यांनी जुनी चिमणी पाडून दुप्पट उंच बांधली. भिंतीलगतच्या घरांवरचा धूर खरोखरच कमी झाला. साडू महिनाभर जमिनीवरून चालत नव्हते. कोणाच्या घरी दांडीवर पांढरा कपडा दिसला की सायकलवरून उतरून तो हाताने चाचपून बघत, त्यावरून एका बाईने त्यांना झापलंही.

एका रविवारी दुपारी वस्तीतली मंडळी त्यांच्याकडे आली. मी तेव्हा तिथेच होतो. पुढे होते ते वस्तीतलेच, मॅट्रिक होऊन शिक्षक झालेले गुरुजी. कमी बोलणारा, सरळ डोळ्यांत बघणारा माणूस. वस्तीला स्वतःची शाळा बांधायची होती आणि नगरपालिकेने दोन जागा दाखवल्या होत्या. एक गिरणीमागे नाल्याकाठी, दुसरी मैदानापलीकडे, लांब. यातली कोणती घ्यावी, हे विचारायला ते आले होते. "आजवर आमाले जागा दुसऱ्यानं दाखवली, सर," गुरुजी म्हणाले. "गावात बी, अठी बी. वाऱ्याच्या खालची जागा थे आमची. आता पयल्यांदाच आमी निवडून राह्यलो. म्हटलं, ज्याले हवा समजते त्याले इचारू." साडूंनी दोन्ही जागा नकाशावर उतरवून घेतल्या. मग त्यांनी चार महिने मागून घेतले. त्या चार महिन्यांत त्यांनी जेवढे कष्ट घेतले तेवढे आयुष्यात कधी घेतले नव्हते. रोज दुपारी टाकीवर, रोज संध्याकाळी गणित. नाल्याकाठच्या जागेवर निळी रुई पडतच होती. मैदानापलीकडे एक पुंजका गेला नाही, आणि गणितही तेच सांगत होतं. त्यांनी नकाशावर मैदानापलीकडे बोट ठेवलं. "इथे धूर येणार नाही. मी सांगतो." गुरुजी म्हणाले, "मंग झालं."

शाळा पावसाळ्यात सुरू झाली. साडूंच्या हस्ते उद्घाटन झालं, गळ्यात हार पडला. समारंभ मुद्दाम संध्याकाळी ठेवला होता, कारण पाहुण्यांची सवय वस्तीला ठाऊक होती. साडू भाषणात म्हणाले की आजवर त्यांच्या गणिताला परीक्षक भेटला नव्हता, आता ही सगळी लेकरं परीक्षक आहेत. सगळे हसले, मीही हसलो.

दिवाळी झाली, थंडी पडली, आणि गुरुजी साडूंच्या घरी आले. सकाळच्या शाळेत पोरं खोकत होती. साडू म्हणाले, सर्दीचे दिवस आहेत. गुरुजी आठवड्याने पुन्हा आले. साडू म्हणाले, आसपासच्या चुलींचा धूर असेल, गिरणीचा तिथवर येऊच शकत नाही, आणि त्यांनी कागद काढून दाखवला. गुरुजींनी कागद शांतपणे पाहिला. "सर, तुमचा कागद खरा असंन. पण एक डाव सकाळी या नं. पोरं वंदनेले उभी रायतात तवा." साडू म्हणाले, "येतो." मग ते दुसऱ्या दिवशी येतो म्हणाले, मग सोमवारी, मग सुट्टी लागली की. आक्का त्यांना हलवून हलवून थकत. ते एकदा दुपारी जाऊनही आले. आकाश स्वच्छ, अंगण स्वच्छ, मनाचं समाधान झालं. असं करता करता संक्रांत आली. मी सहकुटुंब तिळगुळाला अकोल्याला गेलो होतो. आम्ही बसलो असताना गुरुजी आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "सर, आपली सुमन गेली." ती याच शाळेत जायची, आणि तिची छाती आधीपासूनच नाजूक होती. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला होता. गुरुजी कोणालाच दोष देत नव्हते, ते फक्त सांगायला आले होते.

दुसऱ्या दिवशी साडू सूर्य उगवायच्या आधी उठले. आक्कांनी उठवलं नव्हतं. मला वाटतं ते झोपलेच नव्हते. मी त्यांच्यासोबत गेलो. कडाक्याची थंडी, जमिनीवर वारा नावाला नाही. शाळेच्या अंगणात उभं राहून आम्ही वर पाहिलं. गिरणीच्या उंच चिमणीतून निघालेला धूर पसरत नव्हता, उतरत नव्हता, मैदानावरून एका सरळ पट्ट्यात आमच्या डोक्यावर येऊन थांबला होता. दिसायला तो सुंदर होता, हेही मी सांगायला हवं. पोरं रांगेत उभी राहिली आणि वंदना सुरू झाली. ऊन कौलांवरून अंगणात आलं, जमीन तापू लागली, आणि तो वरचा पट्टा हलला, फाटला आणि सगळाच्या सगळा खाली आला. विरळ होऊन नाही, जसा चिमणीतून निघाला होता तसा. माझे डोळे चुरचुरले, घशात गंधकाची चव आली. पोरं वंदना म्हणतच होती. मध्येच खोकत होती आणि पुन्हा सूर धरत होती. त्यांना ते रोजचंच होतं. थोड्या वेळाने धूर निवळला, आणि नऊनंतर तिथे कोणी आलं असतं तर त्याला काहीसुद्धा दिसलं नसतं.

साडूंनी वाकून अंगणाच्या जमिनीला हात लावून पाहिला. मग म्हणाले, "रात्री जमिनीजवळची हवा गार होऊन बसते. धूर तिच्या वर तरंगत राहतो. सकाळी ती हवा तापून उसळली की धुराला खाली ओढते." आणि पुढे, "मामाजींनी जाता जाता दाखवलं होतं. मीच पाहून सोडून दिलं." मी काहीतरी समजुतीचं बोलायचं म्हणून बोललो की गणित चुकतंच कधी कधी. ते माझ्यावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. "गणित चुकलं असतं तर बरं झालं असतं! दुपारचं गणित बरोबर आहे. सकाळी मी झोपलो होतो."

ते सुमनच्या घरी गेले. मीही गेलो, नसतो गेलो तर बरं झालं असतं. तिची आई उंबऱ्यात बसली होती. साडू म्हणाले, "बाई, माझं चुकलं. जागा मीच सांगितली होती."  बाई एवढंच म्हणाल्या, "तुमच्या रुईची उशी केलती तिनं. तिच्या संगंच देल्ली आमी." साडूंनी हात जोडले. बाहेर आल्यावर गुरुजींनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "सर, चुकलं तं चुकलं. शाळा काई उचलून नेता येत नाई. आता का करायचं थे सांगा."

साडू आधी गिरणीत गेले. मॅनेजरांनी खुर्ची दिली आणि चिमणी उंच करा म्हणून तुम्हीच मागे लागला होतात, याची आठवण दिली. शाळा दुपारी भरवावी तर दुपारी त्याच खोल्यांत वरचे वर्ग बसत. रोज उशिरा भरवावी तर अभ्यास बुडे, कारण धूर रोज येत नव्हता आणि आला तरी रोज एकाच वेळी उतरत नव्हता. तो कधी उतरणार आणि कधी निवळणार हे तिथे उभं राहून वर बघणाऱ्यालाच कळलं असतं. तेव्हा त्यांनी ते काम स्वतःकडे घेतलं. थंडी पडली की रोज, रविवार सोडून, साडू अंधारात उठून सायकलने शाळेत जात. पोरं आली की गुरुजी त्यांना आत बसवून दारं-खिडक्या लावून घेत, आणि साडू एकटे अंगणात मान वर करून उभे राहत. धूर उतरून निवळला, किंवा आज तो येत नाही याची खात्री झाली, की ते हात वर करत. मग घंटा होई आणि पोरं वंदनेला बाहेर येत.

उठण्यासाठी त्यांनी जे केलं ते ऐकून कोणीही हसेल. गजराची घड्याळं दोन, दोन्ही पितळी पातेल्यात, पातेली खोलीच्या दोन टोकांना. शेजाऱ्यांनी तक्रार केली तेव्हा आक्का कंबर खोचून भांडल्या, "वाजू द्या! इतकी वर्सं निजले नं थे!" तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा गुरुजींना विचारलं, शाळेची वेळ काय? गुरुजी म्हणाले, अंगणात उभ्या असलेल्या सरांना विचारा. साहेबांनी विचारलं. साडूंनी वरची नजर न हलवता सांगितलं, "थांबा जरा, अजून उतरला नाही." साहेबही मग खोलीत पोरांसोबत बसून राहिले.

मी त्यांना कितीदा म्हटलं, आत उभे राहा, खिडकीतून बघा. ते म्हणत, काचेतून नीट दिसत नाही. ते खोकू लागले तेव्हा आक्कांनी माझ्याकडून त्यांना पत्रं लिहवून घेतली, माझ्या बायकोने रडून पाहिलं. उपयोग झाला नाही. मला त्यांचा राग येई. अजूनही येतो. त्या रागाखाली काय आहे ते मला ठाऊक आहे, पण राग येतो हे खरं.

साठ साल उलटून गेलं होतं. अशाच एका थंडीत पहाटे दोन्ही पातेल्यांत गजर झाले आणि वाजून वाजून थांबले. आक्का उठल्या होत्या, पण रात्रभर खोकून नुकताच डोळा लागलेला माणूस, त्यांनी म्हटलं, आज निजू दे. ते निजलेच. शाळेत पोरं आत बसून राहिली, धूर उतरला, निवळला, ऊन चढलं, तरी घंटा झाली नाही, कारण अंगणात हात वर करायला कोणी नव्हतं. शेवटी गुरुजी सायकल काढून घरी आले तेव्हा त्यांना कळलं. दहन संध्याकाळी झालं. तोवर मी अमरावतीहून पोचलो होतो. मी मान खाली घालून उभं राहायचं ठरवलं होतं, पण राहवलं नाही. धूर सरळ वर गेला आणि झाडांच्या शेंड्यापाशी आडवा झाला. शेजारी गुरुजी उभे होते, तेही वरच बघत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला आपोआप जाग आली. मी शाळेत गेलो. कशाला गेलो ते मला सांगता येणार नाही. पोरं आत बसली होती, गुरुजी घंटेपाशी उभे होते. मी म्हटलं, "गुरुजी, मला यातलं काही कळत नाही." ते म्हणाले, "मले कळते आता, सरांनी शिकवलं. उद्यापासून मी पायतो. पण आजचा हात तुमी वर करा." मी अंगणाच्या मधोमध उभा राहिलो. धूर डोक्यावर आला, थांबला, उतरला. डोळ्यांतून पाणी आलं, त्यातलं धुराचं किती हे मी मोजलं नाही. मग हळूहळू कौलं दिसू लागली, मैदान दिसू लागलं, पलीकडची चिमणी दिसू लागली. गुरुजींनी मान हलवली. मी हात वर केला, घंटा झाली, आणि पोरं धडपडत अंगणात आली.

साडेनऊ वाजले होते. जुन्या दिवसांत आमचे साडू याच वेळेला जागे होत असत.